परजिल्ह्यात, परराज्यात गाडीची केस लागली तं काय करायचं

केस तिथंच चालते जिथं घटना झाली, हे आधी डोक्यात पक्कं करा. तुमचं गाव मारेगाव तालुक्यात असो का आर्णीकडे, पिकअप पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे कोणाला लागली तर ठाणं तिकडचं, कोर्ट तिकडचं अन् अर्धे कागद तेलुगूत. वरूडच्या संत्रावाल्यांचं तेच मुलताई-पांढुर्ण्यात होतं, देवरीवाल्यांचं राजनांदगावात. राज्य ओलांडायचीही गरज नाही, समृद्धीवर वर्ध्यातून चढलेला माणूस काही तासांत संभाजीनगरच्या हद्दीत असतो. कायदा सगळीकडे एकच, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, त्याआधीच्या घटनेला जुनं आयपीसी. आपल्याला जड जातं ते अंतर. माझं मत विचाराल तर या केसेसमध्ये शिक्षेपेक्षा तारखा माणसाला जास्त खचवतात, म्हणून पहिल्या तासापासूनच हे धरून चाला की काम दोन-चार वर्षांचं आहे अन् येणं-जाणं आपल्याच खिशातून.

आता गाडी लागली त्या क्षणाचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की ड्रायव्हरनं जखमीला दवाखान्यात न्यायची सोय करायची अन् चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं. लोक म्हणतात, "थांबलो तं गावकरी मारून टाकतीन," अन् ही भीती काही खोटी नाही. पण कायद्यातच लिहिलेलं आहे की जमावाच्या रागामुळे थांबणं शक्य नसेल तर ते चालतं. फक्त तिथून निघाल्यावर घराकडे नाही, सरळ जवळच्या ठाण्यात जायचं, अन् रस्त्यातच ११२ अन् १०८ ला फोन लावायचा. त्या कॉलची वेळ मोबाईलमध्ये राहते, स्क्रीनशॉट काढून घरच्या कोणाला पाठवून ठेवा, कारण पुढे "आरोपी पळून गेला" असं कागदावर आलं की तोच स्क्रीनशॉट कामी पडतो. अन् अपघात करून न कळवता पळून गेल्याबद्दल दहा वर्षांच्या शिक्षेचं ते कलम, ज्याच्यासाठी जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला अन् पंपावर रांगा लागल्या होत्या, ते न्याय संहितेच्या कलम १०६ चं पोटकलम २. ते सरकारनं जुलै २०२४ मध्ये बाकी संहितेसोबत लागू केलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही त्याची भीती दाखवून राहिले लोक, तिकडे लक्ष नका देऊ.

कलमं कोणती लागली ते एफआयआरमध्ये पाहा. नुसतं बेदरकारपणे गाडी चालवली, कोणाला काही झालं नाही, तर संहितेचं २८१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी किरकोळ जखमी झालं तर १२५ अ, सहा महिने किंवा पाच हजार. हाड मोडलं, गंभीर जखम झाली तर १२५ ब, तीन वर्षांपर्यंत किंवा दहा हजार. माणूस दगावला तर १०६ चं पोटकलम १, पाच वर्षांपर्यंत, जुन्या ३०४ अ मध्ये हे दोनच वर्षं होतं. सोबत मोटार वाहन कायद्याचं १८४ बहुतेक वेळा लागतंच, पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड. अन् ही सगळी कलमं, मृत्यूचं १०६(१) सुद्धा, जामीनपात्र आहेत. हे मुद्दाम सांगून राहिलो, कारण रात्री फोन येतो, "तुमचा पोरगा आत आहे, खुनाची केस आहे," अन् बाप घाबरून कोणाच्या तरी हातावर पैसे ठेवतो.

दारू असली तर मात्र गोष्ट वेगळी. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजार दंड. अन् दारूत कोणी गेलं तर पोलीस न्याय संहितेचं सदोष मनुष्यवधाचं १०५ लावू शकतात, ते अजामीनपात्र. तिथं हा लेख वाचत बसू नका, आधी वकील करा.

ठाण्यात बसवलं की दोन-तीन गोष्टी. अटक केली तर कारण सांगायला पायजे अन् घरच्या एका माणसाला कळवायला पायजे, जामीनपात्र गुन्हा असेल तर तसं सांगणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे. बऱ्याच वेळा अटक होतच नाही, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ३५(३) ची हजर व्हायची नोटीस हातात देतात, ती फाडू-हरवू नका, त्यात जी तारीख आहे तिला जावंच लागते, नाही गेलं तर मंग अटक होऊ शकते. पोलीस जबाब लिहून घेतात त्यावर आरोपीची सही लागत नाही, कायद्यातच तसं आहे, म्हणून न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर "भाऊ इथं सही कर" म्हटलं की विचारा हा कागद कशाचा. अटकेचा, जप्तीचा, मुचलक्याचा असेल तर ठीक, पण वाचून दाखवायला लावा. हिंदी सगळ्यांना येते, लाजू नका.

खरी अडचण जामीनदाराची. परगावी ओळखीचं कोण असतं. मॅजिस्ट्रेटसमोर नेलं अन् लोकल जामीनदार मागितला की घरचे लोक सातबारा घेऊन रात्री निघतात अन् तिथं ऐकायला मिळतं की तुमचा सातबारा दुसऱ्या जिल्ह्याचा आहे. वकिलाला म्हणा, १९७८ चा मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश हा सुप्रीम कोर्टाचा निकाल दाखवा. एका गवंड्याची केस होती, जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटनं नाकारला, अन् सुप्रीम कोर्टानं ते चुकीचं ठरवलं. आधी जातमुचलक्यावरच, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडा अशी विनंती करा, जामीनदार मिळतच नसेल अन् गुन्हा जामीनपात्र असेल तर आठवडा झाल्यावर त्या माणसाला गरीब समजून जातमुचलक्यावर सोडायची तरतूद आहे. वकिलाचे पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर, कोठडीतल्या माणसाला, बाईमाणसाला, एससी-एसटीला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, अन् कोणत्याही राज्यात मिळतो.

गाडी. माणूस सुटते संध्याकाळी अन् गाडी राहते महिनोंमहिने. ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत पाहा कधी, पिकअपच्या बोनेटपर्यंत तरोटा आलेला असतो, टायर बसलेले, बॅटरीच्या जागी नुसत्या दोन वायरी लोंबत. म्हणून जप्तीच्या वेळीच, तिथंच उभं राहून, मोबाईलवर व्हिडिओ काढा, किलोमीटरचा आकडा, बॅटरीचा नंबर, स्टेपनी, जॅक, टेप, चारही टायर, अन् जप्ती पंचनाम्यात स्टेपनी अन् बॅटरी लिहायला लावा, त्यात नाही लिहिलं तर नंतर कोणाला विचारणार. गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानं कोर्टात सुपुर्दनाम्याचा, म्हणजे हमी देऊन गाडी परत ताब्यात घ्यायचा अर्ज करायचा, आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), इन्शुरन्स, लायसन्स सोबत, अन् त्याआधी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झालेली पायजे. ती झाली का नाही ते विचारत राहा, गाडी बहुतेक तिथंच अडकते. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सुंदरभाई देसाई केसमध्ये सांगितलं की जप्त गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, वकिलाला हा निकाल माहीत असतोच. मूळ आरसी गाडीत ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती गाडीसोबत आत जाते, डिजीलॉकरमध्ये असू द्या.

अन् सेकंडहॅन्ड गाडी साध्या बॉन्डवर घेऊन नावावरच न करणारे आपल्याकडे किती तरी आहेत. मंग सुपुर्दनामा घ्यायला जुना मालक शोधत फिरा. विकणाऱ्यानंही हसू नये, आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरतात हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, ट्रॅक्टर विकून पैसे खर्च झाले तरी नुकसानभरपाईची नोटीस तुमच्याच घरी येणार.

वकील तिथलाच करा. आपल्या तालुक्याचा ओळखीचा वकील प्रत्येक तारखेला मुलताईला जाणार नाही अन् गेला तर खर्च परवडणार नाही. तिकडच्या वकिलाकडून केसचा सीएनआर नंबर (कोर्टातली केसची ओळख) घ्या, सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की घरी बसून पुढची तारीख दिसते. वकील फोन उचलत नाही ही तक्रार सगळ्यांचीच, पण अ‍ॅप पाहणं तर आपल्या हातात आहे. प्रत्येक तारखेला जावंच लागते असं नाही, हजेरी माफीचा अर्ज असतो, नागरिक सुरक्षा संहितेत कलम २२८ अन् ३५५. गुन्हा कबूल आहे का विचारतात तेव्हा, साक्षी संपल्यावर आरोपीचा जबाब घेतात तेव्हा, अन् निकालाला, हे तीन वेळा मात्र जायची तयारी ठेवा. पेरणी आहे साहेब, हे कारण ऐन वेळी चालत नाही, पण आधीच्याच तारखेला वकिलानं पोळ्यानंतरची तारीख मागितली तर कोर्ट ऐकूनही घेतं.

तारीख चुकली तर पहिले जामीनपात्र वॉरंट, मंग पकड वॉरंट. ते तुमच्याच ठाण्यात येतं, बीट जमादार पोलीस पाटलाला फोन करतो अन् गावभर होतं. अशा वेळी लपायचं नाही, वकिलाला घेऊन स्वतःहून कोर्टात हजर व्हायचं अन् वॉरंट रद्दचा अर्ज द्यायचा, पोलिसांनी धरून आणलेला अन् आपल्या पायानं आलेला यात कोर्ट फरक करतं. जामीनदारालाही पाहा, त्याच्या मुचलक्याची रक्कम जप्त होऊ शकते, म्हणजे तुमच्यापायी मामाचा जीव टांगणीला.

"कबूल करून टाक, हजार रुपये भर, मोकळा हो," हा सल्ला कोर्टाच्या आवारात चहावाल्यापासून सगळे देतात. कोणाला लागलं नाही, एकटं २८१ आहे, माणूस साठीचा शेतकरी आहे, तर मी पण म्हणेन भरून टाका. पण पोरगा पोलीस भरती नाही तं सैन्याची तयारी करून राहिला असेल तर कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती कागदावर राहते. अन् जखमी किंवा मयताच्या घरच्यांनी नुकसानभरपाईचा दावा टाकला असेल तर तुमची कबुली तिथं निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून वापरतात. तडजोड करायची असेल तर १२५ मध्ये जखमी माणसाशी कोर्टाच्या परवानगीनं होते, २८१ अन् १०६ मध्ये होत नाही. तिथं मंग केस रद्द करून घ्यायला हायकोर्टाचा रस्ता, अन् तोही नागपूर नाही, मुलताईची केस असली तर जबलपूर, आदिलाबादची असली तर हैदराबाद, राजनांदगावची असली तर बिलासपूर.

हा नुकसानभरपाईचा दावा हीच सगळ्यात महाग गोष्ट आहे, अन् लोक फौजदारी केसच्या टेन्शनमध्ये तिकडे पाहतच नाहीत. दावा करणारा आपल्या राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्ये (अपघात दाव्यांच्या कोर्टात) टाकू शकतो, म्हणजे फौजदारी एका गावी अन् दावा तिसऱ्याच गावी असंही होतं. अपघात झाला त्याच आठवड्यात इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा अन् पोचपावती घ्या. इन्शुरन्स चालू अन् लायसन्स बरोबर असेल तर थर्ड पार्टीचे, म्हणजे समोरच्याच्या भरपाईचे पैसे कंपनी भरते. पिकअपवाल्यांना एक चांगली गोष्ट, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालते, तेवढ्यावरून कंपनी हात वर करू शकत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मजूर बसवले असतील तर मात्र करते, ते इन्शुरन्समध्ये बसत नाहीत. लायसन्स नसेल तर कोर्ट कंपनीला म्हणतं आधी तू भर अन् मंग मालकाकडून वसूल कर, अन् ही वसुली कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. म्हणजे सातबारावर बोजा. दावा आला की नोटीस ठेवून देऊ नका, एकतर्फी निकाल लागला की बोलायला जागा उरत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात गाडी होती तर बापाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड अन् तीन वर्षांपर्यंत कैद, ते वेगळंच.

लायसन्स पोलिसांनी घेतलं तर पावती घ्या. ते तुमच्या आरटीओकडे येतं, पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी बंद होऊ शकतं, पण त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, म्हणून आरटीओची नोटीस आली की जा. कॅमेऱ्याचं चलान मात्र वेगळी भानगड, ते सरकारी पोर्टलवर गाडी नंबर टाकून पाहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावानं फाईल आली तर उघडूच नका, खातं रिकामं होते.

निकाल लागला की त्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकून या, दोन-तीन प्रतींचा. सोबत दंडाची पावती, मुचलका अन् सुपुर्दनामा रद्द झाल्याचा आदेश. लायसन्स परत घ्यायला, गाडी विकताना, इन्शुरन्सवाल्यांना, सगळीकडे हेच मागतात. अन् नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये निर्दोष सुटला असला तरी केस होती हे लिहायचं अन् प्रत जोडायची. वकिलाला निघताना त्याची फी अन् नकलेचे पैसे वेगवेगळे देऊन या, नाही तं त्या दोन कागदांसाठी परत शंभर-दीडशे किलोमीटर.