तरुण माजी विद्यार्थ्यांसाठी अवॉर्ड सुरू करताय? ट्रॉफीचं नंतर बघा, आधी माणसं शोधा

अल्युमनी सेलचं काम तुमच्या गळ्यात पडलंय आणि मीटिंगमध्ये ठरलंय की आपल्या विद्यापीठानेही तरुण माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचा, तर पुढे काय होणार ते आत्ताच सांगतो. ट्रॉफी कशी, हॉल कुठला, प्रमुख पाहुणे कोण यावर तीन मीटिंगा जातील आणि नावं कुठून आणायची हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत "एक गूगल फॉर्म टाकू" म्हणून संपेल. सगळी गडबड तिथेच होते. फॉर्म टाकून बसलात की जे स्वतःची जाहिरात करण्यात पटाईत आहेत त्यांचीच नावं येणार, म्हणजे स्टार्टअपवाले, मोठ्या कंपनीतले, सोशल मीडियावर रोज काहीतरी टाकणारे. ते वाईट नाहीत हो, पण तेवढेच तुमचे हुशार विद्यार्थी होते का?

तर पहिलं काम, "तरुण" म्हणजे नेमकं कोण ते लिहून काढा. दोन पद्धती चालतात. एक वयाची, म्हणजे ते "फोर्टी अंडर फोर्टी" टाइप, चाळिशीच्या आतले चाळीस जण, आणि दुसरी पासआउट होऊन किती वर्षं झाली त्याची, जिला बऱ्याच ठिकाणी गोल्ड म्हणतात, ग्रॅज्युएट्स ऑफ द लास्ट डेकेड, म्हणजे गेल्या दहा वर्षांत पासआउट झालेले. माझं मत स्पष्ट आहे, दुसरी घ्या. वयाच्या अटीत उशिरा शिकायला आलेला, नोकरी करत डिग्री घेतलेला, मुलं लहान असताना चारपाच वर्षं घरी थांबलेली बाई, हे सगळे गुपचूप बाहेर पडतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. वयाची अट किती कडक असू शकते बघायचं तर गणितातलं फील्ड्स मेडल बघा, ज्या वर्षी ते देतात त्या वर्षाच्या १ जानेवारीआधी चाळिसावा वाढदिवस झालेला असला की संपलं. अँड्र्यू वाइल्स यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता पूर्ण केली तोवर चाळिशी उलटली होती, मग १९९८ मध्ये त्यांना मेडलऐवजी एक वेगळी रौप्य पट्टिका दिली गेली. जगभर गाजलेलं काम, तरी नियम वाकला नाही. नियम न वाकवणं बरोबरच आहे, म्हणून तर तो लिहितानाच नीट विचार करायचा. आणि काहीही ठरवलं तरी तारीख टाका, "३५ वर्षांखालील" एवढंच लिहिलंत तर कुठल्या तारखेला ३५ यावर भांडणं होतात.

त्याच कागदावर माजी विद्यार्थी कोणाला म्हणायचं तेही लिहा. फक्त डिग्री पूर्ण केलेले, की मध्येच सोडून गेलेलेही? डिप्लोमा, सर्टिफिकेट कोर्स, एक सेमिस्टर एक्स्चेंजला आलेले? संलग्न कॉलेजवाले? आत्ता हे बारीकसारीक वाटतं, पण एखादं गाजलेलं नाव आलं आणि नंतर कळलं की साहेबांनी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं, की सगळे एकमेकांकडे बघतात.

आता नावं. इथे वेळ घालवा, निदान दोन महिने. प्रत्येक डिपार्टमेंटला "नावं पाठवा" असा मेल टाकून काही येत नाही, कारण तो मेल एचओडी क्लार्ककडे पाठवतात आणि क्लार्क मागच्या वर्षीचीच यादी चिकटवतो. त्यापेक्षा जाऊन बसा. जुने प्राध्यापक, रिटायर झालेले, लॅब असिस्टंट, लायब्ररीतली माणसं, हॉस्टेलचे वॉर्डन, एनएसएसचे, खेळाचे सर, यांना एकच प्रश्न विचारा: मागच्या दहाबारा वर्षांतला असा कोण आहे ज्याचं काम बघून तुम्हाला बरं वाटतं? "यशस्वी कोण" असं विचारू नका, मग लगेच पगार आणि परदेश सुरू होतं. बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही हाच प्रश्न टाका आणि सोबत लिहा की स्वतःचं सोडून दुसऱ्याचं नाव सांगा.

सेल्फ नॉमिनेशन बंद करू नका मात्र. काही लोकांना ते बरं दिसत नाही, पण ज्यांच्या मागे सांगणारं कोणी नाही, पहिल्या पिढीतले शिकलेले, छोट्या डिपार्टमेंटमधले, त्यांना तो एकच दरवाजा असतो.

यादी जमत आली की एकदा ती आडवी वाचा. कुठल्या शाखेचं एकही नाव नाही? बायका किती? सरकारी नोकरीतले, शाळेत शिकवणारे, नर्सिंगमधले, शेतीत काम करणारे, भाषा आणि कलेतले आहेत का? रकाना रिकामा दिसला तर तिथे माणसं नसतात असं नाही, तुम्ही तिकडे गेला नाहीत एवढाच त्याचा अर्थ. परत जा.

फॉर्म दोन टप्प्यांत करा. पहिला अगदी छोटा, नाव, बॅच, आणि "या व्यक्तीमुळे नेमकं काय बदललं" यावर दहाबारा ओळी, बस. शॉर्टलिस्ट झाल्यावरच सीव्ही, दोन शिफारसपत्रं, पुरावे मागा, नाहीतर आठ पानी फॉर्म बघून नॉमिनेट करणारा "नंतर भरू" म्हणतो आणि ते नंतर कधीच येत नाही. शिफारसपत्रं वाचताना एक भान ठेवा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलच्या ३०० हून जास्त शिफारसपत्रांचा अभ्यास झाला होता, त्यात बायकांसाठी लिहिलेली पत्रं सरासरी लहान निघाली आणि त्यांच्याबद्दल "मेहनती" छापाचे शब्द जास्त, तर पुरुषांच्या पत्रांत संशोधन आणि कर्तृत्वाची भाषा जास्त. आपल्याकडेही "अतिशय कष्टाळू आणि मनमिळाऊ" असलं वाक्य कोणाच्या पत्रात येतं ते बघा एकदा. त्यामुळे शिफारस करणाऱ्यालाच ठरावीक प्रश्न द्या, काय केलं, कधी, त्याचा उपयोग कोणाला झाला, तुम्हाला हे कसं माहीत. सगळ्यांना तेच प्रश्न म्हणजे तुलना तरी करता येते.

ज्युरी पाच किंवा सात जणांची, विषम संख्या, आणि त्यातले निम्मे तरी विद्यापीठाबाहेरचे किंवा जुने अवॉर्डी. प्रत्येकाने आधी घरी बसून एकट्याने मार्क द्यायचे, मग मीटिंग. उलटं केलंत तर सगळ्यात सीनियर माणूस पहिलं नाव घेतो आणि बाकीचे माना डोलावतात. अजून एक गंमत असते, एक परीक्षक सगळ्यांना आठनऊ देतो आणि दुसरा पाचच्या वर जातच नाही, मग सरासरी काढली की हात आखडता असणाऱ्याला ज्याची फाइल वाचायला मिळाली तो बिचारा मेला. म्हणून सगळ्यांनी सगळ्या फाइली वाचायच्या, आणि मार्कांपेक्षा प्रत्येकाने लावलेला क्रम बघायचा, पहिला कोण दुसरा कोण. ज्याचा विद्यार्थी, नातेवाईक किंवा बिझनेस पार्टनर यादीत आहे त्याने त्या नावापुरतं बाहेर जाऊन बसायचं, आणि तसं मिनिट्समध्ये लिहायचं.

देणगीचा विषय ज्युरीच्या खोलीत येऊ द्यायचा नाही. कोणीतरी हळूच म्हणतंच, "यांना दिलं तर ते नवीन लॅबला मदत करतील". देणगीदारांचा सत्कार खुशाल करा, वेगळ्या कार्यक्रमात आणि वेगळ्या नावाने. एकदा अवॉर्ड विकत मिळतो अशी कुजबुज सुरू झाली की खऱ्या माणसाला दिलेलाही त्याच भावात मोजला जातो.

नावं पक्की झाली की जाहीर करण्याआधी दोन कामं. रजिस्ट्रार ऑफिसमधून डिग्री तपासून घ्या आणि जे दावे मोठे आहेत, पेटंट, पुरस्कार, पेपर, ते स्वतः शोधून बघा, पेटंटचं तर "अर्ज केला" आणि "मंजूर झालं" यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मग त्या व्यक्तीला फोन करा, मेल नाही, फोन. घेणार का विचारा, तारखेला येऊ शकणार का विचारा, आणि नावाचा उच्चार कसा करायचा, हल्ली कुठलं नाव वापरता, हेही विचारा, लग्नानंतर किंवा एरवीही लोक नावं बदलतात आणि सर्टिफिकेटवर जुनं नाव छापून आलं की सत्कार राहतो बाजूला. गंभीर गैरप्रकार उघड झाला तर अवॉर्ड परत घेता येईल अशी एक ओळ नियमात पहिल्याच वर्षी टाका, प्रकरण झाल्यावर टाकलेली ओळ एका माणसाविरुद्ध टाकल्यासारखी दिसते.

कार्यक्रमाबद्दल फार सांगत नाही, फक्त हिशोब करा. ४० जण, प्रत्येकाचं मानपत्र दोन मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं तिथेच गेली, स्टेजवर येणं-जाणं आणि फोटो वेगळे, भाषणं तर अजून सुरूच झाली नाहीत. पहिल्या वर्षी आठदहा जण पुरे. मानपत्र शंभरेक शब्दांचं, आणि त्यात पदांची यादी नको, एक काम सांगा जे ऐकून मागच्या रांगेतल्या फर्स्ट इयरच्या पोराला कळेल की या माणसाने केलं काय. पाहुण्यांची भाषणं कापा आणि तो वेळ दुपारी अवॉर्डी आणि विद्यार्थ्यांना द्या, डिपार्टमेंटमध्येच, माइकशिवाय, वीसपंचवीस जणांत. तिथे पोरं खरे प्रश्न विचारतात, पहिली नोकरी कशी मिळाली, बॅकलॉग होता का, घरच्यांना कसं पटवलं.

ज्यांची निवड झाली नाही त्यांच्या फाइली टाकून देऊ नका. नॉमिनेट करणाऱ्याला दोन ओळींचं पत्र पाठवा की नाव पुढच्या दोन वर्षांसाठी विचारात राहील, अपडेट असेल तर कळवा. आणि तुमच्या एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवा, त्या व्यक्तीची मुदत कुठल्या वर्षी संपते त्याचा, म्हणजे शेवटची संधी असलेली नावं पुढच्या ज्युरीसमोर सगळ्यात आधी ठेवता येतील.