पाटाच्या पाण्यामागं आलेल्या पणजीचं चरित्र कसं लिहायचं

घराण्याचा इतिहास लिहायला घेतला की बहुतेक ठिकाणी होतं काय, तर पणजोबांनी जमीन घेतली, मग भावकीची वाटणी झाली, मग विहीर मग ट्रॅक्टर, आणि शेवटच्या पानावर वंशावळ ज्यात बायकांची नावंच नाहीत. आणि ज्या बाईनं माळरानावर छपरात संसार मांडला, सात-आठ बाळंतपणं काढली, वीस-वीस माणसांच्या भाकरी थापल्या तिच्यावर एक ओळ, "स्वभावाने प्रेमळ व कष्टाळू होत्या". मला हे वाचून खरंच राग येतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

हे मुख्यतः कालव्याच्या पट्ट्यातल्या घरांसाठी आहे. नीरा डावा कालवा 1885 चा, गोदावरीच्या कालव्यांसाठी दारणा धरण 1916 ला झालं, प्रवरेवरचं भंडारदरा 1926 ला. पाणी आलं तसे सासवडकडचे माळी ऊस आणि गुळाचं ज्ञान घेऊन बारामती, कोपरगाव, बेलापूर, अकलूज अशा बाजूला सरकत गेले, खंडानं (भाडेपट्ट्यानं) जमिनी घेतल्या, आणि 1932 ला माळीनगरला शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. ह्या सगळ्या हलण्यात बायका होत्याच ना, त्यांचं माहेर तर आणखी लांब पडलं. बाकी पट्ट्यातल्या लोकांनी आपापलं धरण, आपापलं पीक धरून हीच पद्धत वापरा.

सुरुवात कागदांनी करू नका, माणसांनी करा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. घरातली सगळ्यात म्हातारी बाई गाठा, मग ती सून असो, नणंद असो, नाहीतर शेजारच्या वस्तीवरची असो. पुरुषांना नंतर विचारा, ते एकराचं आणि कोर्टकचेरीचं चांगलं सांगतात. आणि "आत्याबाई तुमचं आयुष्य कसं होतं" असलं काही विचारायचं नाही, उत्तर येतं "कसलं आयुष्य बाबा, कष्ट केले नुसते" आणि विषय संपतो. कामाचं विचारायचं. पहाटे आधी कोण उठायचं, जात्यावर जोडीला कोण बसायचं, प्यायचं पाणी पाटाचं का विहिरीचं, रात्रीची पाण्याची पाळी आली की दारं धरायला (म्हणजे पिकाला पाणी द्यायला) कोण जायचं आणि मालक गावाला गेलेले असले तर कोण जायचं (इथं बऱ्याच जणी हळूच सांगतात की मीच जायचे, कंदील घेऊन). पेंड कोण फोडायचं, बेणं कोण तोडायचं, सुईण कुठल्या वस्तीवरून यायची. थंडीतापाचं जरूर विचारा, कालव्याच्या भागात हिवतापानं लोकांना लई छळलंय, कोयनेलच्या (क्विनाईनच्या) गोळ्यांची कडू चव अजून सांगतात बायका.

गुऱ्हाळावर वेगळा वेळ द्या, एक अख्खी बैठक. काहिल (रस उकळायची मोठी कढई), चुलवण (तिच्याखालची भट्टी), गुळव्या (गूळ करणारा) हे पुरुष सांगतीलच, पण चिपाडं वाळत कोण घालायचं, गुळव्याला आणि जाळव्याला (चुलवणात जाळ घालणाऱ्याला) जेवण कुठून यायचं, रात्रभर चुलवण चालू असताना तान्हं पोर कुठं निजवलेलं असायचं, हे विचारलं की मग बाई खरी बोलायला लागते. फोनवर रेकॉर्डिंग लावा, पण आधी सांगून आणि विचारून. फोन समोर धरू नका, बाजूला ठेवा, आणि तिला मेथी निवडत निवडत बोलू द्या, हात कामात असले की बोलणं मोकळं होतं.

साल कुणालाच आठवत नाही, ते घटनांवरून लावायचं. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ म्हणजे 1918. गांधीवधाची गडबड म्हणजे 1948. आणे जाऊन नवे पैसे आले ते 1957. भूकंपानं भांडी पडली म्हणजे कोयना, डिसेंबर 1967. मिलो (परदेशी लाल ज्वारी) आणि सुकडी खाल्ली म्हणजे 1972 चा दुष्काळ. "तेव्हा थोरला किती होता, रांगत होता का शाळेत जात होता" एवढं विचारलं तरी एकदोन वर्षांच्या अंतरात साल सापडतं.

आता कागद. सातबारा सगळे काढतात, पण सातबाऱ्यावर ती सापडणार नाही, तुम्हाला पाहिजेत जुने फेरफार, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदी. सातबाऱ्यावर वर्तुळात जे फेरफार नंबर असतात ते लिहून घ्या आणि तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नकला मागा, बऱ्याच तालुक्यांचं जुनं रेकॉर्ड स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' पोर्टलवर पण मिळतं, थोडी फी भरून. पणजोबा लवकर गेले असतील आणि मुलं लहान असतील तर वारस नोंदीत मुलांच्या नावापुढं "अ.पा.क. आई" असं येतं आणि त्यापुढं तिचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. तीन अक्षरं आहेत पण त्याचा अर्थ असा की मुलं सज्ञान होईपर्यंत कागदोपत्री ती जमीन ह्या बाईनं सांभाळली, सारा तिनं भरला, खंडाचं तिनं बघितलं. ही नोंद सापडली तर तिच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहा, प्लीज. बाप गेल्यावर थोरल्या मुलाच्या किंवा दिराच्या नावापुढं "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असेल तर ती त्याच्या हाताखाली राहिली, ही वेगळी गोष्ट झाली. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर विधवा आणि मुलींची नावं वारस म्हणून दिसायला लागतात, आणि बऱ्याचदा पुढच्याच फेरफारात त्यांचं हक्कसोडपत्र पण दिसतं. तेही लिहा, लपवू नका. काही घरांत 1990 च्या आसपास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेमुळं बायकोचं नाव सातबाऱ्याला लागलं, तसं असेल तर तेव्हाची हकीकत विचारा.

जन्ममृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना 14, लोक कोतवाल बुक म्हणतात. 2023 पासून कुणबी नोंदी शोधताना हे रेकॉर्ड मोठ्या प्रमाणावर बाहेर काढलं गेलं, काही जिल्ह्यांच्या वेबसाईटवर स्कॅन पानं टाकलेली आहेत. जुनं बरंच मोडीत आहे, त्याला मोडी वाचणारा माणूस गाठा, अंदाजानं वाचू नका. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव असतं, आईचं बऱ्याचदा नसतंच, पण तारखा जुळवल्या की तिची किती लेकरं झाली आणि त्यातली किती गेली ते कळतं, जे घरात कुणी बोलत नाही. माहेरच्या गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर पण बघा, एखादी पणजी दुसरी-तिसरी शिकलेली निघते. आणि पंढरपूर, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेतच, आपलं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते शोधून देतात.

एक जागा लोक साफ विसरतात, माळ्यावरची भांडी! तांब्या-पितळेचे हंडे, परात, डबे, उतरवून चिंचेनं घासा आणि काठाखाली बघा. टोचून नाव घातलेलं असतं. आमच्याकडच्या एका परातीवर भावानं बहिणीला दिल्याचं लिहिलंय, खाली गाव आणि साल. पणजीला भाऊ होता हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. अक्षरं पुसट असतील तर टॉर्च बाजूनं आडवा मारून फोटो काढा, स्पष्ट येतात.

ओव्या येत असतील तर त्या म्हणून घ्या, लिहून नाही, आवाजातच. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्यात, पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या) वेबसाईटवर त्यातल्या ऐकायला मिळतात. तुमच्या आजीला आधी त्या ऐकवा, ती लगेच म्हणेल "आमच्यात अशी नाही म्हणत" आणि स्वतःची सुरू करेल.

लिहिताना तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव पहिल्या पानावर. मजकूर सालवार लावण्यापेक्षा उसाच्या वर्षानं लावा, लागण, बांधणी, तोड, गुऱ्हाळ, कारण तिचं वर्ष तसंच चालायचं, आणि बाळंतपणं, लग्नं, मरणं त्यात जिथं आली तिथं घाला. तिची भाषा सुधारू नका. "पानी लई लांबनं आनायचो" असं ती म्हणाली तर तसंच ठेवा. ती कडक असेल, सुनांना जाच केला असेल तर तेही लिहावं असं माझं मत आहे, फक्त ज्या सुनेनं सोसलं तिच्याकडूनच ऐकून आणि ती हो म्हणाली तरच.

छापायच्या आधी एक प्रिंट घरातल्या सगळ्या बायकांना वाचायला द्या, लेकींना पण, लांब दिल्या असल्या तरी. चुका त्याच काढतात आणि नवीन माहिती पण तेव्हाच येते, त्यासाठी दोनेक महिने हातात ठेवा. अक्षर मोठं ठेवा, सोळा पॉइंटच्या खाली नको, वाचणाऱ्या सत्तरीच्या पुढच्या आहेत.