दोन-तृतीयांश, पण कशाचे? राष्ट्रपतींवरील महाभियोग पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

सोलापुरात राहून राज्यसेवेची तयारी नुकतीच सुरू केलेल्यांसाठी हे लिहितेय. संसद, राष्ट्रपती, निर्वाचकगण हे तुम्ही एकदा वाचलंय असं धरून चालते. राष्ट्रपतींवरचा महाभियोग, म्हणजे त्यांना पदावरून हटवण्याची प्रक्रिया, बहुतेक जण एका संध्याकाळी उरकतात. त्यासाठीच्या कलम ६१ ला चारच पोटकलमं आहेत आणि १९५० पासून आजवर एकाही राष्ट्रपतींना या मार्गाने पदावरून काढलेलं नाही. उदाहरण नाही म्हटल्यावर डोक्यात काही चित्र उभं राहत नाही. मग उरतात नुसते आकडे: एक-चतुर्थांश, चौदा दिवस, दोन-तृतीयांश. पाठ पटकन होतात आणि पेपरात घातही तेच करतात.

प्रक्रिया थोडक्यात सांगते. कारण एकच, संविधानाचा भंग. सुरुवात लोकसभेत होऊ शकते किंवा राज्यसभेत. त्या सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी निदान एक-चतुर्थांश जणांच्या सह्यांची लेखी नोटीस लागते, आणि नोटिशीनंतर किमान चौदा दिवस गेल्याशिवाय ठराव मांडता येत नाही. दोन-तृतीयांश बहुमताने ठराव मंजूर झाला की दुसरं सभागृह आरोपाची चौकशी करतं किंवा करवून घेतं. तिथे राष्ट्रपती स्वतः येऊन किंवा प्रतिनिधी पाठवून बाजू मांडू शकतात. आरोप सिद्ध झाल्याचा ठराव दुसऱ्या सभागृहानेही तेवढ्याच बहुमताने मंजूर केला, की त्या तारखेपासून राष्ट्रपती पदावर राहत नाहीत.

आता तो सापळा. दोन-तृतीयांश कशाचे? माझे मार्क इथेच गेलेत, आणि अजूनही टेस्ट सिरीजमध्ये हा प्रश्न दिसला की पेन अडखळतं. म्हणून जरा लांबण लावते, कंटाळू नका.

संविधानात ‘विशेष बहुमत’ एकाच प्रकारचं नाही. कलम ३६८ खालच्या घटनादुरुस्तीला दोन अटी आहेत: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश. कलम ६१ मध्ये मात्र दोन-तृतीयांश थेट एकूण सदस्यसंख्येचे. रिकाम्या जागा, गैरहजर, तटस्थ, सगळे छेदात धरायचे.

कागद घ्या आणि मांडा. लोकसभा ५४३ ची. समजा ४८० जण सभागृहात आहेत, ३० तटस्थ राहिले, ४५० जणांनी मत दिलं. ३४० बाजूने, ११० विरोधात. घटनादुरुस्तीसाठी ५४३ च्या निम्म्याहून जास्त म्हणजे २७२ हवेत, ते आहेत. ४५० चे दोन-तृतीयांश ३००, तेही आहेत. लोकसभेत दुरुस्ती मंजूर. हेच ३४० महाभियोगाच्या ठरावावर पडले, तर ठराव पडला. ५४३ चे दोन-तृतीयांश ३६२ होतात, बावीस कमी. म्हणजे जेवढ्या मतांत लोकसभा संविधान बदलायला हो म्हणू शकते, तेवढ्यात राष्ट्रपतींना हटवायला हो म्हणू शकत नाही. राज्यसभा २४५ ची धरली तर तिथे १६४ लागतात. सह्यांचंही तसंच: लोकसभेत १३६, राज्यसभेत ६२. हे आकडे पाठ करू नका, दर वेळी भागाकार करा. परीक्षक सभागृहाची संख्या बदलून विचारतो तेव्हा पाठांतर उघडं पडतं.

गैरहजरी किंवा तटस्थपणा ठराव कसा मारतो, याचं खरं उदाहरण न्यायाधीशांच्या बाबतीत मिळतं. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना हटवण्याच्या प्रस्तावावर लोकसभेत १९६ मतं बाजूने पडली, विरोधात एकही नाही, आणि काँग्रेसचे सदस्य धरून २०५ जण तटस्थ राहिले. प्रस्ताव फेटाळला गेला. विरोधी मत शून्य असताना! कारण कलम १२४(४) मध्ये हजर-मतदानाच्या दोन-तृतीयांशांबरोबर एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताचीही अट आहे, आणि १९६ तिथे अपुरे पडले. न्यायाधीशांसाठीची ही अट राष्ट्रपतींपेक्षा सौम्य आहे हे लक्षात घ्या, तरी तीच भारी पडली.

उपराष्ट्रपतींचा छेद आणखी निराळा. कलम ६७ नुसार त्यांना हटवण्याचा ठराव फक्त राज्यसभेतच सुरू होतो. तो राज्यसभेच्या त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने मंजूर व्हावा लागतो आणि लोकसभेची संमती लागते. ‘त्या वेळच्या’ म्हणजे रिकाम्या जागा वजा करायच्या. २४५ पैकी पाच जागा रिकाम्या असतील तर २४० चं बहुमत, १२१. चौदा दिवसांची नोटीस इथेही आहे, पण कारण संविधानाने दिलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्याविरुद्ध अशी नोटीस आली होती, राज्यसभेच्या उपसभापतींनी ती फेटाळली.

एवढं वाचून डोकं गरगरलं असेल तर ठीक आहे, सगळ्यांचं गरगरतं. चार-पाच गणितं हाताने सोडवली की बसतं.

शॉर्टकटबद्दल स्पष्ट बोलते. टेलिग्रामवर एका पानाचे तक्ते फिरतात, त्यात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, न्यायाधीश अशा तिघांच्या रांगेत ‘विशेष बहुमत’ एवढंच लिहिलेलं असतं. तो तक्ता फाडून टाका. सात रस्त्याच्या बाजूच्या एका अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारा पोरगा म्हणायचा, “कलम कशाला वाचतीस बे, सरांच्या नोट्स हायत की.” सरांच्या नोट्समध्ये अमेरिकेची पद्धत आणि आपली पद्धत एकाच परिच्छेदात कालवलेली होती. जे सर संविधानाचा मूळ मजकूर वर्गात उघडत नाहीत, त्यांच्याकडे राज्यव्यवस्था शिकायला जाऊ नये, हे माझं मत आहे आणि ते बदलण्याची शक्यता कमी. हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जायचं की इथेच राहायचं हा वाद तुमच्याही घरी चालू असेल. खर्च झेपत असेल तर जा, पण या धड्यासाठी जायची गरज नाही. संविधानाचा मराठी मजकूर फुकट मिळतो.

अमेरिकेचं वेगळं ठेवा. तिथे प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, खटला सिनेटमध्ये चालतो आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांचे दोन-तृतीयांश लागतात. अँड्र्यू जॉन्सन १८६८ मध्ये एका मताने वाचले. क्लिंटन यांच्यावर एकदा आणि ट्रम्प यांच्यावर दोनदा आरोप ठेवले गेले, पण दोघेही सिनेटमध्ये सुटले. निक्सन यांनी आरोप ठेवले जाण्याआधीच, १९७४ मध्ये, राजीनामा दिला. म्हणजे सिनेटने दोषी ठरवून एकही अध्यक्ष गेलेला नाही. दक्षिण कोरियात संसदेने ठराव केला की अध्यक्षांचे अधिकार लगेच थांबतात आणि शेवटचा शब्द संवैधानिक न्यायालयाचा असतो. युन सुक योल यांना ४ एप्रिल २०२५ ला त्या न्यायालयाने हटवलं. आपल्याकडे निर्णय पूर्णपणे संसदेचा, आणि दुसऱ्या सभागृहाचा ठराव मंजूर होईपर्यंत राष्ट्रपती पदावर कायम.

पद रिकामं झाल्यावर काय, हे विचारतातच. उपराष्ट्रपती काम पाहतात, सहा महिन्यांच्या आत निवडणूक, आणि नवे राष्ट्रपती उरलेल्या मुदतीसाठी न येता पूर्ण पाच वर्षांसाठी येतात. हे लक्षात ठेवायला आपल्या भागातलं नाव आहे. १९७७ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं तेव्हा काम पाहिलं उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती यांनी, जमखंडी तालुक्यातल्या सावळगीचे. विजापूर रोडने निघालं की त्याच मुलखात पोचतो आपण. फेब्रुवारीत त्यांनी सूत्रं घेतली, जुलैत नीलम संजीव रेड्डी आले. सहा महिन्यांची अट डोळ्यांसमोर उभी राहते.

मेन्स आता वर्णनात्मक आहे, तेव्हा टीकात्मक प्रश्नाची तयारी ठेवा. ‘संविधानाचा भंग’ म्हणजे काय, हे कुठेही सांगितलेलं नाही. चौकशी किती दिवसांत संपवायची याला मुदत नाही. विधानसभेवर निवडून आलेले आमदार राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देतात, पण महाभियोगात त्यांना स्थान नाही. उलट राज्यसभेतले बारा नामनिर्देशित सदस्य निवडणुकीत मत देत नाहीत, महाभियोगात देतात. हे तीन मुद्दे आणि वरचं ३४० मतांचं गणित एवढ्यात उत्तर भरतं. शेवटी जागा उरली म्हणून अमेरिकेवर एक परिच्छेद टाकावासा वाटेल. प्रश्नात अमेरिका नसेल तर टाकू नका.