परदेशी निघण्यापूर्वीचे दोन दिवस : एक्सचेंजच्या मुलांसाठी कोकणात निवासी शिबिर कसे घ्यावे

स्टुडंट एक्सचेंजला, म्हणजे परदेशात यजमान कुटुंबात राहून शिकायला, जाणाऱ्या मुलांचे शिबिर म्हणजे हॉलमध्ये दिवसभर भाषणे, असा प्रकार अजून बऱ्याच ठिकाणी चालतो. मुले ऐकतात आणि विसरतात. परक्या घरात राहण्याचा सराव परक्या घरात राहूनच होतो, आणि कोकणात घरगुती निवासाची सोय गावोगाव आहे. तिचा उपयोग करा.

वेळ आणि जागा

ऑगस्टमध्ये निघणाऱ्यांसाठी जूनअखेरीचा किंवा जुलैच्या सुरुवातीचा शनिवार-रविवार धरा. त्याहून उशीर झाला की घरोघरी व्हिसा आणि खरेदीची धावपळ असते, पालक येत नाहीत. गुहागर, दापोलीजवळचे मुरूड, मालवण, कुठलेही गाव चालेल. एकाच मोठ्या लॉजऐवजी जवळजवळची पाच घरे घ्या. वीस मुले असतील तर घरटी चार. मुलगे आणि मुली वेगवेगळ्या घरांत, आणि प्रत्येक घरात संस्थेचा एक जबाबदार मोठा माणूस मुक्कामाला. दोन्ही पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या औषधांची यादी आधीच गोळा करा.

हे दिवस ऐन पावसाचे. समुद्रात कोणीही उतरायचे नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही. वीज जाणार हे धरून चालावे: महत्त्वाचे सगळे कागदावर छापून न्या, प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका.

शनिवार : यजमानाघरची पहिली संध्याकाळ

चौघे मित्र एका घरात टाकू नका. एकमेकांना न ओळखणारी मुले एकत्र ठेवा. घरी पोचल्यावर तासाभरात त्यांनी यजमानांना स्वतःहून विचारायचे: तुम्हाला काय हाक मारू? आंघोळ कधी केलेली चालेल, ओला टॉवेल कुठे वाळत घालू? कपडे कोण धुते? न विचारता काय खाल्ले तर चालेल? रात्री कितीपर्यंत बाहेर राहता येते? घरातले कोणते काम माझे? उत्तरे वहीत लिहायची. हेच प्रश्न नंतर इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत मोठ्याने म्हणून घ्या. मनातल्या मनात पाठ केलेले वाक्य ऐनवेळी तोंडातून फुटत नाही.

शिबिराचा गाभा मात्र रात्रीच्या जेवणात आहे. घरच्या काकूंना आधी सांगून ठेवा की आज आग्रह करायचा नाही. एकदाच विचारायचे, "आमटी हवी?" मूल सवयीने "नको" म्हणाले की भांडे उचलून सरळ आत न्यायचे. आपल्याकडे पहिला नकार हा शिष्टाचार असतो, वाढणाऱ्यालाही तो कळतो. जर्मनीत किंवा अमेरिकेत "नो, थँक यू" म्हटले की विषय संपतो, आणि मूल पहिला आठवडा अर्धपोटी काढते. इथे एकदा आमटी हुकली की हे कायमचे लक्षात राहते. जेवणानंतर आपले ताट आपण घासायचे, मुलग्यांनीही.

पालकांची बैठक

पालकांना शनिवारी दुपारी वेगळे बसवा आणि मुलाला फोन किती करायचा यावर सविस्तर बोला. रोज व्हिडिओ कॉल झाला की मूल शरीराने तिकडे आणि मनाने इकडेच राहते. आठवड्यातला एक वार ठरवावा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास, हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. यजमानांशी खटका उडाला तर इथून फोन करून तो सोडवू नये. मुलाने आधी कार्यक्रमाने तिथे नेमलेल्या समुपदेशकाशी बोलावे.

मात्र कुणी नकोसा स्पर्श केला, धमकावले, तर थांबायचे नाही, कुणाची भीड धरायची नाही. यजमान घराबाहेरच्या विश्वासू माणसाचा नंबर आणि आपत्कालीन नंबर (युरोपात ११२, अमेरिकेत ९११) मुलांकडून पाठ करून घ्या. हे मुले आणि पालक एकत्र असताना, स्पष्ट शब्दांत सांगा.

नियमही तेव्हाच वाचा. रोटरी क्लबच्या एक्सचेंज कार्यक्रमात दारू, अमली पदार्थ, गाडी चालवणे आणि प्रेमप्रकरण या चार गोष्टींना मनाई आहे. मोडल्यास मुदतीपूर्वी परत पाठवले जाऊ शकते.

रविवार : बॅग उघडा

मुलांना भरलेली बॅग आणायला सांगा आणि हुकाच्या काट्यावर वजन करा. मर्यादा बहुधा २३ किलो असते, तरी तिकिटावर पाहा. मग खाऊ बाहेर काढा. सुके खोबरे आधी बाजूला ठेवा: त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानात धोकादायक माल समजतात. युरोपीय संघात पेढे आणि तूप नेता येत नाही, दुग्धजन्य पदार्थांना बंदी आहे. हापूसची पेटी कुठेच नको. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला आंबापोळीपासून मसाल्यापर्यंत खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर जाहीर करावी लागते, लपवल्यास दंड होतो. लोणचे हातातल्या बॅगेत ठेवले तर सुरक्षा तपासणीत जाते. पॉवर बँक मात्र उलट, हातातच. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची असते आणि नेहमीची मर्यादा १०० आहे.

औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आहे का ते तपासावे. ठरावीक प्रमाणावर ते तिथे बेकायदा आहे.

जेवण साडेबारापर्यंत उरका. गुहागरहून चिपळूण स्टेशन सुमारे ४५ किलोमीटर, पण पावसात दोन तास हाताशी ठेवा, आणि गाडीची वेळ कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकातच पाहा.