कुरव बघताना या चुका टाळा: अंतर, आकार आणि थवा

डिसेंबरात हर्णै बंदरावर बैलगाड्या पाण्यात उतरलेल्या असतात, मासळी किनाऱ्याला येत असते आणि डोक्यावर कुरवांचा, म्हणजे सीगलचा, गलका चालू असतो. नवखा माणूस दुर्बीण लावतो आणि लगेच म्हणतो, "तो मागचा मोठा आहे, वेगळी जात दिसते." मीसुद्धा कित्येक हिवाळे असंच म्हणत आलो. वहीत मोठ्या कुरवांच्या नोंदी केल्या आणि पुढे त्यातल्या बऱ्याच खोडल्या. चुकत होता तो अंतराचा अंदाज.

ही चूक सगळ्यांकडून होते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. समुद्रावर झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. मोकळ्या पाण्यावर डोळ्याला टेकू मिळत नाही, त्यामुळे वस्तू आहे त्याहून जवळ वाटते. त्यात दुर्बीण मागेपुढे बसलेल्या पक्ष्यांमधली जागा आवळून टाकते. एक कुरव ८० मीटरवर आणि दुसरा ८४ मीटरवर बसला असेल, तर मागचा जेमतेम ५ टक्के लहान दिसतो. मेंदू मात्र "मागचा म्हणजे बराच लहान" असं धरून चालतो. तो तेवढा लहान दिसला नाही, की मोठाच वाटू लागतो. दोघे एकाच जातीचे असले तरी! म्हणून मागेपुढे बसलेल्यांची तुलना करूच नका. दोघे शेजारी येईपर्यंत थांबा, किंवा दहा पावलं बाजूला सरकून पुन्हा बघा.

अंतराचा अंदाज घ्यायची एक युक्ती आहे: हात लांब करून करंगळीचं नख धरलं तर ते साधारण १ अंश झाकतं. काळ्या डोक्याच्या कुरवाचे पसरलेले पंख सुमारे १ मीटर भरतात. ते नखाएवढे दिसले तर पक्षी ५५ ते ६० मीटरवर आहे. पण इथेच लोक अडकतात. पल्लासचा कुरव, म्हणजे कुरवांमधली बरीच मोठी जात, असेल तर त्याचे पंख दीड मीटरच्या आसपास, म्हणजे तेच नख भरायला तो ८५ मीटरवर हवा. आकारावरून अंतर काढायचं आणि त्याच अंतरावरून पुन्हा आकार ठरवायचा, हे गोल गोल फिरणं झालं. यातून सुटायला तिसरी ओळखीची वस्तू लागते, आणि कोकणच्या पुळणीवर ती फुकट मिळते: कावळा. गावकावळा सुमारे ४० सेंटिमीटरचा, काळ्या डोक्याचा कुरव तेवढाच, तपकिरी डोक्याचा किंचित मोठा. पल्लासचा कुरव शेजारी उतरला की कावळा अगदी किरकोळ दिसतो. कावळा नसेल तर ओढून ठेवलेली होडी बघा, अंतर मनाशी बोला आणि मग पावलं मोजत तिथपर्यंत चालत जा. आठवडाभर केलंत तर अंदाज सुधारतो.

वेळेची चूकही मोठी आहे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सूर्य पक्ष्यांच्या मागे असतो आणि पांढरा कुरवसुद्धा काळा ठिपका होतो. सकाळी आठ ते दहा उत्तम. सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि हिवाळ्यात तेव्हा बहुधा मतलई वारा जमिनीकडून वाहत असतो. कुरव नेहमी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, म्हणजे पिसं फिस्कटत नाहीत आणि उडताना वाऱ्याचा आधार मिळतो. त्यामुळे सकाळी सगळा थवा आपल्याकडे बघत असतो आणि डोळे नीट दिसतात. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट, काळ्या डोक्याच्याचा गडद. हिवाळ्यात दोघांचंही डोकं पांढरं पडतं, कानामागे तेवढा डाग उरतो, म्हणून हा डोळा कामाचा. दुपारी खारे वारे सुरू झाले की थवा समुद्राकडे वळतो आणि आपल्याला पाठी दिसतात.

थवा दिसला म्हणजे खाली मासे, हा समज अर्धाच खरा. पाण्यावर शांत बसलेला थवा विश्रांती घेत असतो. मासे असतील तर पक्षी एका जागेवर घिरट्या घालतात, वरच्या थरातलं उचलतात, आणि ती पांढरी धावपळ दुरून बघून बाकीचे गोळा होतात. सूर मारून पाण्यात घुसणारे बहुतेक वेळा सुरय, म्हणजे टर्न, असतात. ट्रॉलरमागचा घोळका टाकून दिलेल्या मासळीसाठी असतो. मांडव्याच्या बोटीमागचा गाठियांसाठी, आणि ते टाकणं आपण खरोखर थांबवायला हवं; तळलेलं पीठ हे त्यांचं अन्न नव्हे.

एक प्रसंग मात्र हमखास चुकतो. बसलेला थवा एकदम, आवाज न करता उठतो. आपण समजतो, आपल्यालाच घाबरला, आणि मागे सरतो. कित्येकदा आपला संबंधच नसतो. अशा वेळी दुर्बीण खाली घ्या आणि आधी वर बघा: समुद्र गरुड किंवा बहिरी ससाणा कुठून तरी येत असतो.