देणगी, ओटीपी आणि सी-फॉर्म : परकीय हस्तक्षेपाला वाट करून देणाऱ्या या चुका टाळा

गेल्या चैत्रात कोरेगावकडच्या एका गावचे आबा वही घेऊन माझ्याकडे आले. मी साताऱ्यात ट्रस्टांचे हिशेब लिहितो, त्यामुळे असल्या वह्या रोजच्याच. मंदिराच्या सभामंडपाची जमा बघता बघता एका ओळीवर बोट थांबलं : पुतण्या, न्यू जर्सी, पाच लाख.

"आबा, पोराचा पासपोर्ट कुठला?"

"आता अमेरिकेचा झालाय. पण पोरगं आपलंच हाय की. दरसाल जत्रेला येतंय."

चूक इथेच होते. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, रक्त बघत नाही, पासपोर्ट बघतो. पुतण्या अमेरिकन नागरिक झाला की त्याची देणगी परदेशी. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना सरकार देतं ते कार्ड, असलं तरी फरक पडत नाही. उलट दुबईत नोकरी करणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला गाववाला स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. म्हणून परदेशातून पैसे आले की पावतीच्या स्थळप्रतीला पासपोर्टची झेरॉक्स टाचायची सवय लावा. बाकी सगळं नंतर.

ट्रस्टला परदेशी देणगी घ्यायची तर केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी लागते, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि तेवढ्या काळात कामावर १५ लाख खर्च केलेले हवेत. नसतील तर त्या एका कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते. घरच्या माणसाने घरच्यांना पैसे पाठवणं ही वेगळी गोष्ट, त्याला आडकाठी नाही. परदेशी नागरिक असलेल्या नातलगांकडून वर्षाला १० लाखांच्या वर आले, तर मात्र तीन महिन्यांत कळवायचं.

मग आलेल्या पाच लाखांचं काय? आबांचा पहिला विचार तोच, जो सगळ्यांना सुचतो : "थोरल्याच्या नावानं पावती फाडू का?" हे अजिबात करू नका. तोवर ती नजरचूक असते. पावतीवरचं नाव बदललं की लपवाछपवी होते, आणि कायद्याचा राग लपवण्यावरच आहे. पैशाला हात लावू नका, रोख परत देऊ नका. एफसीआरएची कामं करणारा सीए गाठा आणि गृह मंत्रालयाकडे तडजोडीचा, म्हणजे दंड भरून चूक मिटवण्याचा, अर्ज टाका.

सरकारला कोरेगावच्या सभामंडपाचं काय पडलंय, असं आबांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण त्याच वाटेने उद्या निवडणुकीचा, मोर्चाचा किंवा वर्तमानपत्राचा पैसा येऊ शकतो, आणि दिल्लीत बसून दोन्ही पाच लाख सारखेच दिसतात. म्हणून उमेदवार, राजकीय पक्ष, आमदार-खासदार, न्यायाधीश, सरकारी नोकर, नोंदणीकृत वर्तमानपत्रांचे संपादक, अगदी व्यंगचित्रकारसुद्धा, यांना परदेशी पैसा घेताच येत नाही. १९७६ साली पहिला कायदा झाला, २०१० मध्ये नवा आला, २०२० मध्ये तो आणखी आवळला. अमेरिकेत १९३८ पासून नियम आहे की परकीय सत्तेसाठी काम करा, पण तशी नोंद करा. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये तसंच केलं. परदेशी राजदूताने उघड सभेत आपल्यावर टीका केली तर तो हस्तक्षेप नव्हे. तेच भाडोत्री तोंडाने, नाव दडवून वदवून घेतलं तर हस्तक्षेप.

यातली एक गोष्ट मला पटत नाही, तीही सांगतो. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसरीला देणं पूर्ण बंद झालं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तेव्हा मोठी संस्था वाडीतल्या छोट्या मंडळाला आपल्या परदेशी निधीतला पैसा देऊ शकत होती. आज दुसरीची नोंदणी असली तरी तो मार्ग बंद. चोराबरोबर वाटसरूही अडला.

पुढची चूक पैशाची नाही, पण आपल्या जिल्ह्यात जास्त महाग पडते. इथे घरटी माणूस फौजेत असलेली गावं आहेत, अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. "आमचे साहेब आज अमक्या स्टेशनवरून निघाले", म्हणून वहिनी कौतुकाने स्टेटस ठेवतात. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसकट ८९ अ‍ॅप काढायला सांगितली, पण घरच्यांच्या मोबाइलला तो आदेश नाही. हेरगिरी करणारा पहिल्या दिवशी गुपित मागत नाही. गोड बोलणारी मुलगी असते, नाहीतर लेखासाठी माहिती हवी असलेला "पत्रकार" असतो. आधी फालतू फोटो, त्याचे हजार-दोन हजार यूपीआयवर. पैसे घेतले की माणूस अडकला.

त्याहून साधा प्रकार ओटीपीचा. तुमच्या नंबरवर आलेला सहा आकडी कोड सांगितलात, की तुमच्या नावाचं भारतीय व्हॉट्सअ‍ॅप सीमेपलीकडे कुणाच्या तरी हातात चालू होतं आणि पुढचं जाळं तुमच्या नंबरवरून टाकलं जातं. कोड गेला असेल तर लगेच व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा नोंदवा, म्हणजे समोरचा बाहेर फेकला जातो. मग टू-स्टेप पिन लावा आणि संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. चॅट पुसू नका, तोच पुरावा. स्थानिक पोलीस ठाण्यात जा, आणि जवान असेल तर त्याने युनिटला सांगावं. लाजेपोटी महिनाभर गप्प बसणं यात सगळ्यात जास्त नडतं.

पाचगणी-महाबळेश्वरला खोल्या देणाऱ्यांसाठी एकच गोष्ट : परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म, ज्याला आपण सी-फॉर्म म्हणत आलोय, ऑनलाइन भरा. "एकच रात्र तर होता" हे उत्तर चालत नाही.

आता शेवटची चूक, आणि ती सावध माणसंच करतात. आबांच्या पाच लाखांची बातमी फुटली आणि विरोधी पॅनेलने गावच्या ग्रुपवर टाकलं, "आबा अमेरिकेचा एजंट". साताऱ्यात तरी हा शब्द जपून वापरावा. १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर ठपका ठेवला, तो गोव्याच्या पोर्तुगीजांशी संगनमताचा. कबुली लिहून द्या, गादी राहील, असंही सांगितलं. महाराजांनी सही केली नाही आणि त्यांना काशीला धाडलं. त्यांचे वकील रंगो बापूजींनी लंडनमध्ये बारा-तेरा वर्षं दाद मागितली, ती ऐकली गेली नाही. आरोप परकीय हाताचा, आणि तो करणारा हातच परका.

म्हणून ग्रुपवर लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारा : पैसा कुठून आला, तो लपवला का, आणि त्या बदल्यात काय मागितलं. आबांच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर न्यू जर्सी. लपवलेलं काही नाही, मागितलं ते सभामंडपाच्या खांबावर आजीचं नाव. पाच लाख बँकेत तसेच पडून आहेत, अर्ज दिल्लीला गेलाय. खांब उभे आहेत, स्लॅब राहिलाय.