बाळाला खुणा शिकवताना: आधी दूध, अजून, संपलं

टाटा आणि देवासमोर 'जय जय' आपल्याकडची बाळं वर्षाच्या आत करायला लागतातच. तशाच खुणांनी बोलता येण्याआधी बाळाला दूध, अजून, पुरे हेही सांगता येतं. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ टेकून बसायला आणि तुमच्या हातांकडे टक लावून बघायला लागलं की सुरू करा. पहिल्यांदा तीनच खुणा.

दूध: म्हशीची धार काढताना मूठ वळते-सुटते तशी एका हाताची मूठ दोन-तीनदा उघडमिट करा. अजून: दोन्ही हातांची बोटं जुळवा आणि टोकाला टोक टेकवा. संपलं: दोन्ही तळवे पुढे धरून उलटसुलट फिरवा. बोटं तोंडाशी नेण्याची 'मम्मम'ची खूण सोपी वाटते, पण दात येताना हात कायम तोंडातच असतो. मागणं कुठलं आणि हिरड्या शिवशिवणं कुठलं, ते कळत नाही. म्हणून ती नंतर.

खूण गरजेच्या क्षणीच करायची. नाचणीच्या पेजेचे दोन-तीन चमचे भरवा आणि थांबा. बाळ वर बघतं. तेव्हा हात आपल्या चेहऱ्याजवळ आणून खूण करा, तोंडानं 'अजून?' म्हणा, पाच-सात सेकंद वाट बघा आणि पुढचा चमचा द्याच. खूण केली नाही म्हणून घास अडवून धरू नका. बाळ रडकुंडीला येतं आणि खुणेचाच राग करतं. झोपेला आलेल्या बाळासमोर केलेला सराव वाया जातो.

पहिला महिना-दीड महिना काहीच परत येत नाही. बरेच जण इथेच सोडून देतात. बाळाची पहिली खूण साधारण आठव्या ते बाराव्या महिन्यात येते, तीही ओबडधोबड: 'अजून'साठी टाळी, किंवा मुठीवर मूठ. तिला लगेच दाद द्या, पण स्वतः मूळ खूणच करत राहा. आणखी एक घोटाळा: बाळाचा पहिला टाटाही मूठ उघडमिट करूनच होतो. नजर दाराकडे आहे की आईकडे, त्यावरून ओळखायचं.

सातारा-सांगलीकडे आई रानात किंवा ड्युटीवर आणि बाळ दिवसभर आजीपाशी, हे नेहमीचंच. आजीची 'पुरे'ची खूण आधीपासून चालत असेल तर तीच सगळ्यांनी उचलावी. तिघांच्या तीन खुणा झाल्या की बाळ एकही धरत नाही.

खुणांमुळे बोलणं लांबतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळ जास्त हुशार होतं, असंही सिद्ध झालेलं नाही. शब्द मात्र दर वेळी उच्चारायचाच.

खुणांमागे कमी ऐकू येणं झाकलं जाऊ शकतं. म्हणून अधूनमधून पाठीमागून, हात न हलवता हाक मारून बघा. बाळ वळत नसेल, किंवा वर्षाचं होऊनही 'बाबा-दादा' असे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, तर डॉक्टरांना सांगून बेरा ही कानाची, ऐकू येतं का ते बघणारी तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांनाही दाखवा.

बाळ बहिरं निघालं तर या घरगुती खुणा पुरणार नाहीत. भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. ती आईबापांसकट सगळ्या घरानं शिकावी लागते. तिचा शब्दकोश दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं केला आहे. तो इंटरनेटवर मोफत बघता येतो, पण ही खुणांची भाषा सहज वापरता येते ती बहिऱ्या माणसांच्या सहवासातच.